मानदुखीपासून विमा लोकपालापर्यंत: स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा माझा अनुभव

जानेवारी २०२४मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. विम्याचे पैसे हातात पडायला मार्च २०२५ उजाडला. निर्णय घेण्याआधी मी कितीतरी महिने माहिती शोधत होते. इंग्रजीत परदेशातल्या बायकांचे अनुभव भरपूर सापडले. पण गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या, रोज कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या, घरात सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी असलेल्या बाईने हे कसं करायचं, रजा किती काढायची, घरी काय सांगायचं, कागद कुठले जपायचे, हे कुठेच मिळालं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. खर्चाचे आकडे माझ्यापुरते आहेत, रुग्णालय बदललं की तेही बदलतील.

आधी थोडं मागचं सांगायला हवं, कारण दुखणं चाळिशीत सुरू झालं नव्हतं.

मी डिचोलीत वाढले. १९९४ साली मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी मे महिन्यात सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली आणि नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. वर्गातल्या मुलींना छाती, कंबर, नितंब यांची मापं तोंडपाठ झाली होती. डबा खाताना कोण किती बारीक यावर बोलणं व्हायचं. दुसऱ्याच वर्षी माझं शरीर या मापांच्या उलट दिशेने वाढायला लागलं आणि सातवीत मला आईची ब्रा बसू लागली. मोठी आत्या घरी आली की म्हणायची, "अशी छाती काढून चालू नको गो." त्यात दुष्टावा नव्हता. रस्त्यावरच्या नजरांपासून पोरीला वाचवायचा तिला माहीत असलेला तो एकच उपाय होता. मी खांदे पुढे घेऊन, पाठीला बाक काढून चालायला शिकले. दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरायचे.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या वाड्यावर बायका घरोघर फुगड्या घालायच्या. मला फुगडी फार आवडायची, दमसासही चांगला होता. तेराव्या वर्षानंतर मी मागच्या रांगेत बसून गाणी म्हणू लागले. कुणी "घालू नको" म्हटलं नाही. उडी मारली की काय होतं आणि दारात उभे असलेले पुरुष कुठे बघतात, हे मलाच कळलं होतं.

मग लग्नाचं वय झालं आणि हेच शरीर एकदम गुणांच्या यादीत जाऊन बसलं. "अंगाने भरलेली आहे" असं बघायला आलेल्या बायका माझ्यासमोर कौतुकाने म्हणायच्या. जुन्या संस्कृत काव्यातली सुंदर स्त्री स्तनांच्या भाराने किंचित वाकलेली असते. शाळेत हे वर्णन वाचताना मास्तर घाईने पुढे गेले होते. ते वाकणं दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसणाऱ्या बाईच्या मानेत काय करतं, ते मला पुढे वीस वर्षांनी कळलं. बारीक असावं असं एका बाजूने, भरलेलं असावं असं दुसऱ्या बाजूने, आणि जे आहे ते दिसता कामा नये असं घरातून. तिन्ही अपेक्षा एकाच शरीराकडून होत्या.

गोव्यात आणखी एक भर पडते. फोंड्याहून पणजीला जाताना पार्ट्यांचे आणि कॅसिनोंचे फलक लागतात, त्यांवरच्या बायकांची शरीरं ठरावीक असतात. कामानिमित्त गोव्याबाहेर गेले की "गोव्याच्या का?" म्हणून विचारणाऱ्याची नजर खाली सरकलेली मी अनेकदा पाहिली आहे. आम्ही देवळातल्या भजनाला जाणाऱ्या, अंगभर साडी नेसणाऱ्या घरातल्या मुली. पण गोव्याची बाई कशी दिसते, हे आमच्याकडे न बघताच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. मी समुद्रात पोटरीच्या वर कधी गेले नव्हते.

दुखणं जोरात सुरू झालं ते २०२१च्या पावसाळ्यात. आधी मान, मग दोन्ही खांदे, मग रात्री उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मग एमआरआय (सात हजार). मणक्यांत वयाप्रमाणे थोडी झीज होती, शस्त्रक्रियेसारखं काही नव्हतं. गोळ्या, मानेचे व्यायाम आणि "वजन कमी करा" एवढा सल्ला मिळाला. मी मनापासून कमी केलं. रोज पहाटे चालणं, रात्री भात बंद. वर्षभरात सत्तर किलोवरून त्रेसष्टवर आले. चेहरा उतरला, हात बारीक झाले, पोट गेलं. ब्राच्या पट्ट्याचं माप एकाने उतरलं, पण कप तोच राहिला. पुढे शल्यविशारदांनी याचं कारण सांगितलं: काही जणींच्या स्तनात चरबी जास्त असते, काहींच्यात ग्रंथी आणि घट्ट पेशीजाल जास्त, आणि दुसऱ्या प्रकारात वजन घटवून फारसा फरक पडत नाही. हे मला वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वजन कमी होऊनही दुखणं जात नाही म्हटल्यावर मी स्वतःलाच आळशी म्हणू लागले होते.

ब्राबद्दल इथेच सांगते. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत पट्ट्याचं माप वाढवत नेतात, कप मात्र बी नाहीतर सी. मला खरं माप लागत होतं ३६ एफ. दुकानात मिळायची ४२ सी. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर चढतो आणि जो भार पट्ट्याने घ्यायचा तो सगळा खांद्यांवरच्या बंदांवर येतो. माझ्या दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. माप घेताना स्तनांच्या खाली फीत घट्ट धरून पट्टा मोजा, मग भरीव भागावर सैल धरून कप. नेमकं माप ऑनलाइन मागवता येतं, एकेक चौदाशे-पंधराशेला पडतं. शस्त्रक्रिया करायची नसेल तरी हे जरूर करा, माझं दुखणं त्यानेच एक चतुर्थांश कमी झालं होतं.

वळण आलं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे. गोव्याच्या दमट हवेत स्तनांखालच्या घडीत दरवर्षी मे-जूनमध्ये पुरळ उठायचं. २०२३च्या मे महिन्यात ते चिघळलं, पू झाला. बुरशीचं मलम आणि प्रतिजैविकं लिहून देता देता त्या बाईंनी विचारलं, "मान दुखते का? बोटांना मुंग्या येतात का?" मी थक्क झाले. त्या म्हणाल्या, "मी दरवर्षी मलम देत राहीन आणि तुम्ही दरवर्षी येत राहाल. एकदा प्लास्टिक सर्जनना भेटा." त्यांनी चिठ्ठीवर आजाराचं नाव, कितव्यांदा झाला आणि पुढे कुणाकडे पाठवलं, हे सगळं लिहून दिलं. ही चिठ्ठी पुढे विम्याच्या फायलीतला सर्वांत उपयोगी कागद ठरली. कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा तक्रार तोंडी सांगून थांबू नका, ती कागदावर लिहून मागा.

प्लास्टिक सर्जन म्हटलं की मला नटनट्या आठवायच्या. जुलैमध्ये मडगावच्या एका खासगी रुग्णालयात पहिली भेट झाली, फी आठशे रुपये. नवरा बरोबर होता. डॉक्टर पुरुष, पण तपासताना परिचारिका सतत खोलीत होती. कंठाखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत फितीने मोजतात. साधारण वीस ते बावीस सेंटीमीटर असतं, माझं एकतीस आणि बत्तीस भरलं. खांद्यावरच्या खाचा, पुरळाचे डाग, उभं राहायची ढब, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मानेखालचे फोटो काढले, त्याआधी वेगळ्या संमतीपत्रावर सही घेतली. फोटो कुठे राहणार, कोण बघणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मी विचारलं आणि त्यांनी नीट उत्तर दिलं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्तनाग्र सहसा कापून वेगळं करत नाहीत. रक्तपुरवठा आणि नसा असलेल्या पेशींच्या देठासकट ते वर सरकवतात आणि भोवतालचा जादा भाग काढतात. व्रण तीन ठिकाणी राहतो: स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, म्हणजे होडीच्या नांगरासारखा आकार. व्रण कायमचा असतो, फिकट होतो पण जात नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे मूल होऊ द्यायचं असेल तर अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर जखम भरत नाही, म्हणून ते कित्येक आठवडे आधी बंद करावं लागतं. एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर भेटला याचं मला समाधान वाटलं. जो डॉक्टर व्रणांबद्दल स्वतःहून बोलत नाही त्याच्याकडे थांबू नका.

दुसरं मत मी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात घेतलं. सकाळी लवकर केस पेपर काढून बाह्यरुग्ण विभागात थांबले. तिथल्या डॉक्टरांचं निदान तेच निघालं. त्यांनी एक वाक्य जास्त सांगितलं, "दुखणं कमी होईल, पण पाठीची सवय तुम्हालाच मोडावी लागेल." त्या दिवशी मला त्याचा अर्थ पुरता कळला नाही. गोव्यात पाच वर्षं वास्तव्य असलेल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण. ती ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. तुमच्याकडे ते कार्ड असेल तर रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून आधीच विचारून घ्या. माझ्याकडे कंपनीचा गट विमा होता, म्हणून मी त्या वाटेने गेले.

घरी सांगणं हा या सगळ्यातला सर्वांत जड भाग. आई म्हणाली, "लग्न झालं, मूल झालं, आता या वयात कशाला अंगाला सुरी लावतेस?" जाऊबाई म्हणाल्या, "लोक पैसे देऊन मोठे करून घेतात आणि तू लहान करायला निघालीस." त्यांचं खोटं नाही. स्तन मोठे करून घेण्याची शस्त्रक्रिया जगभरात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्य शस्त्रक्रियांपैकी आहे. म्हणूनच "मला नको आहेत" हे वाक्य बाईच्या तोंडून ऐकायला कुणी तयार नसतं. नवऱ्याला भुलीची भीती वाटत होती. त्याच्या मनात आणखी काही आहे का, हे मी सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुझी मान रात्री अकरा वाजता दाबून देतो ती मीच ना?" पुढे त्याने प्रत्येक कागदाची छायाप्रत स्वतः काढली.

सासूबाईंना मी सर्वांत शेवटी सांगितलं. त्या सत्तरीच्या. देवघरातून उठून आल्या, दार लावलं आणि पदर बाजूला करून ब्लाउजचा गळा खांद्यावरून खाली ओढला. माझ्यासारख्याच खाचा, माझ्याहून खोल, कडेला काळ्या पडलेल्या. "चाळीस वर्षं दुखतंय बाय," त्या म्हणाल्या. "बाईला दुखायचंच असं समजत होते. तू जा, पोरीचं आणि जेवणाचं मी बघते." आम्ही पंधरा वर्षं एका घरात राहत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

मुलीला आम्ही दोघांनी बसून सांगितलं. "मग माझे मोठे झाले तर मलाही करावं लागेल?" हा तिचा पहिला प्रश्न होता. मी सांगितलं की मोठं असणं हा आजार नाही. दुखत असेल तर उपाय असतात आणि दुखत नसेल तर कुणाच्या बोलण्यावरून काही करायचं नसतं. तिला नीट मापाची ब्रा घेऊन दिली आणि "छाती काढून चालू नको" हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारायचं नाही असं ठरलं.

खर्चाचा अंदाज मिळाला एक लाख पंच्याऐंशी हजार. ऑक्टोबर २०२३मध्ये रुग्णालयाने विमा कंपनीकडे कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट भरण्याची, परवानगी मागितली. आधी "अधिक माहिती द्या" असं आलं, मग नकार. कारण दिलं होतं वगळणीचं कलम ०८. हे कलम समजून घ्या, कारण २०२०पासून विमा नियामकाने ते प्रमाणित केलं आहे आणि जवळपास सगळ्या आरोग्य पॉलिसींत ते त्याच शब्दांत असतं. रूप बदलण्यासाठीच्या किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीय गरज म्हणून केलेला उपचार. ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावी लागते. नकाराच्या पत्रात या कलमाचा फक्त पहिला भाग लिहिला होता.

मला फार राग आला. नियमित पाळीतून, बाळंतपणातून, ऑफिसच्या खुर्चीतून जे शरीर मी ओढत आणलं, त्याच्या वेदनेला एका ओळीत हौस ठरवलं गेलं होतं. दोन रात्री झोप लागली नाही. मग ठरवलं की आधी पैसे भरून करायचं आणि भरपाईसाठी नंतर भांडायचं. एक लाख कंपनीच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, बाकीची मुदत ठेव मोडली.

जानेवारी निवडण्याचं कारण हवा. नंतर कित्येक आठवडे घट्ट ब्रा दिवसरात्र घालावी लागते आणि एप्रिल-मेच्या घामात ते सोसणं कठीण. आधीच्या तपासण्या: रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि चाळीस वय असल्याने मॅमोग्राफी व सोनोग्राफी. सगळे मिळून साडेसहा हजार. मग फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांचं 'फिट' असल्याचं पत्र. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि काढे, आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा सांगा, काहींनी रक्तस्राव वाढतो.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांनी उभं करून पेनाने अंगावर रेघा काढल्या. उभ्यानेच काढतात, आडवं झाल्यावर सगळं सरकतं. त्या रेघांकडे बघताना मला रडू आलं. भीती होती, आणि ज्यांच्यावर मी इतकी वर्षं रागावले होते त्यांचा निरोप घेतल्यासारखंही वाटत होतं. साडेतीन तास लागले. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही बाजूंना नळ्या होत्या आणि छातीवर घट्ट पट्टी. उजव्या बाजूचे ६४० ग्रॅम आणि डाव्या बाजूचे ७१० ग्रॅम निघाले. काढलेला भाग तपासणीला पाठवतातच. अहवाल चांगला आला. तो आणि वजनाची नोंद असलेलं शस्त्रक्रियेचं टिपण, दोन्हींच्या मूळ प्रती मागून घ्या.

वेदना मी धरून चालले होते त्यापेक्षा कमी होती. खांद्यांचं हलकेपण दुसऱ्याच दिवशी जाणवलं. घरी आल्यावर आईने केलेली पेज आणि आटवल खात होते, आणि हात वर न करता जगायला शिकत होते. ताटं-वाट्या, कपडे, औषधं सगळं कमरेच्या उंचीवर मांडून ठेवा. पुढून उघडणारे गाऊन चार तरी घ्या. पाठीवरच झोपावं लागतं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या तर कूस वळत नाही. गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी धरा, फोंडा-मडगाव रस्त्यावर तिचा फार आधार होतो. आधार देणाऱ्या ब्रा दोन लागतात, एक धुण्यात एक अंगावर, प्रत्येकी अठ्ठावीसशे. तीन आठवडे रजा घेतली. स्कूटर दीड महिना बंद.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला उभी आणि आडवी शिवण मिळते तिथे जखम थोडी उघडली. तिथे ताण सर्वाधिक असतो, म्हणून हे बऱ्याच जणींना होतं. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असूनही बघून हातपाय गळाले. दिवसाआड ड्रेसिंग करत महिनाभरात ती भरली. ताप आला, लाली पसरत गेली किंवा वास आला तर मात्र वाट बघू नका.

आणि मग फेब्रुवारीअखेर ऑफिसला जायला लागल्यावर आरशात दिसलं की मी अजून वाकूनच चालते आहे. खांदे पुढे, हनुवटी बाहेर, पर्स छातीशी धरलेली. भार गेला होता, लपवणं तसंच होतं. गोमेकॉतल्या डॉक्टरांचं वाक्य तेव्हा कळलं. माझ्या मानेतलं किती दुखणं स्तनांचं होतं आणि किती सत्तावीस वर्षांच्या लपवण्याचं, हे कुठल्या एमआरआयमध्ये दिसणार नाही. मार्चपासून फिजिओथेरपी घेतली, एका वेळचे पाचशे. भिंतीला पाठ टेकून उभं राहणं, खांद्याची पाती मागे जुळवणं, छातीचे स्नायू ताणणं. पहिल्यांदा सरळ उभी राहिले तेव्हा मला उघडं पडल्यासारखं वाटलं, खोलीत फिजिओथेरपिस्ट ताईंखेरीज कुणी नसताना. त्यांनी घाई केली नाही. शरीराला दिलेली आज्ञा इतकी जुनी असेल तर ती हळूहळूच उतरते, आणि डॉक्टरांच्या अंदाजपत्रकात हा खर्च नसतो. तो धरून चाला.

लोकांच्या बोलण्याचीही तयारी ठेवा. "बारीक झालीस, छान दिसतेस" असं ऑफिसात, देवळात, बाजारात सगळे म्हणू लागले. वजन काटेकोर पाहिलं तर सव्वा-दीड किलोच उतरलं होतं. कौतुक गोड लागतं हे खरं, पण ते पुन्हा मापाचंच कौतुक होतं. मी उत्तर ठरवून टाकलं: "मान दुखायची थांबली, म्हणून चेहरा बरा दिसतो." ज्या जणींना खरंच विचारायचं असतं त्या मग बाजूला घेऊन विचारतात. अशा बऱ्याच जणी निघाल्या. त्या वर्षीच्या चवथीला मी फुगडी घातली, फार वेळ नाही, शिवणी ओढल्या म्हणून थांबले. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता, पुढच्या वर्षी."

आता विमा. घरी आल्यावर तीस दिवसांत भरपाईचा दावा मूळ बिलांसह पाठवला. एप्रिलमध्ये पुन्हा त्याच कलमाखाली नकार. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. एक महिना गेला, ठरीव साच्याचं उत्तर आलं. यानंतर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही. अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. मी ऑगस्टमध्ये केली.

फायलीत मी तारखेच्या क्रमाने हे लावलं: २०२१पासूनच्या मानदुखीच्या चिठ्ठ्या, एमआरआय, फिजिओथेरपीच्या पावत्या, बोटांच्या मुंग्यांची नोंद, त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि पू झाल्याच्या वेळचा तपासणी अहवाल, वर्षभरात वजन घटवूनही फरक न पडल्याची नोंद, दोन स्वतंत्र शल्यविशारदांची मतं, काढलेल्या भागाचं वजन, आणि शस्त्रक्रियेनंतर मुंग्या थांबल्याचं प्रमाणपत्र. वर एका पानाचं पत्र. त्यात कलम ०८ पूर्ण उतरवलं आणि दुसऱ्या भागापुढे एकेक कागदाचा क्रमांक घातला. पत्रात रागाचा एकही शब्द ठेवला नाही. तो सगळा मी आधी एका वहीत लिहून काढला होता.

जानेवारी २०२५मध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली, जेमतेम वीस मिनिटं. "हे सौंदर्यासाठी नव्हतं कशावरून?" असं विचारल्यावर मी अनुक्रमांक वाचत गेले. शेवटी तडजोड झाली. माझा दावा दोन लाख चार हजारांचा होता, एक लाख छत्तीस हजार मान्य झाले आणि मार्चमध्ये खात्यावर जमा झाले. पूर्ण मिळाले नाहीत, आणि प्रत्येकीला मिळतीलच असं मी म्हणत नाही. पतसंस्थेचं कर्ज मात्र फिटलं.

सध्याची स्थिती: माप ३६ सी, साध्या दुकानात मिळतं. रात्रीच्या मुंग्या गेल्या. मान महिन्यातून एखाददा दुखते, जास्त करून हिशेबाच्या अखेरीला. डाव्या स्तनाग्राची संवेदना अर्धीच परत आली आहे. व्रण गुलाबीचे तपकिरी झाले. सहा महिने सिलिकॉनची पट्टी लावत होते, सोळाशेला एक, धुऊन पुन्हा वापरता येते. या पावसाळ्यात पुरळ आलं नाही.

एक शेवटचं, जे मला शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने कळलं. आतल्या व्रणांमुळे पुढच्या मॅमोग्राफीत नव्या सावल्या दिसतात आणि बघणाऱ्याला ठाऊक नसेल तर विनाकारण घाबरण्याची वेळ येते. तंत्रज्ञांना शस्त्रक्रियेची तारीख आधीच सांगा, जुनी मॅमोग्राफी आणि पेशी तपासणीचा अहवाल बरोबर न्या, आणि ही नवी मॅमोग्राफी पुढच्या तुलनेसाठी जपून ठेवा. मी ती त्याच फायलीत लावली आहे. सासूबाईंच्या मानेचे कागदही आता तिथेच मागे लावायला घेतले आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन बांबोळीला जायचं आहे.